वाट्यातला पाचवा बांगडा

आरोंद्याच्या खाडीकाठी, पार टोकाच्या त्या वाडीत मासळी वजनावर विकत नाहीत. तुळसा डोक्यावरची पाटी उतरवते, पानावर बांगडे मांडते, पाचांचा एक वाटा, आणि घ्यायचा तर अख्खा घ्या, नाहीतर तिला पुढच्या वाडीत जायचंय. वाटा फोडला की दिवसाची बरकत फुटते, असं तिला तिच्या सासूने सांगितलेलं. सासूचं दुसरं काही ऐकलं नसेल तुळसाने, पण एवढं ऐकलं. मग ज्या घरात दोनच तोंडं, त्याने काय करायचं? शेजारीण धरायची. सुगंधाने तीस वर्षं तेच केलं.

शेजारीण म्हणजे इमेल्डा. दोघींच्या अंगणांमधलं कुंपण म्हणजे चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, आणि त्या गडग्यावरच वाटणी व्हायची. दोन बांगडे इकडे, दोन तिकडे. उरलेला पाचवा नेहमी सुगंधाच्या बाजूला यायचा, कारण तिच्या घरात जेवणारा पुरुष होता, तिचा नवरा परशुराम, आणि इमेल्डाचा नवरा बोटीवर गेला तो तिकडेच वारला होता. "ह्यो परशुरामाचो," असं म्हणून इमेल्डा तो बांगडा इकडे सरकवायची. आणि परशुराम तो खायचा, डोक्यासकट, काटे चोखून, जेवताना कोणाशी एक अक्षर न बोलता.

आता ही गोष्ट तशी रक्ताची आहे, माशांची नाही. पण मासे आधी सांगितले नाहीत तर रक्ताचं तुम्हाला काही कळायचं नाही, म्हणून सांगितलं.

परशुराम तीन वर्षांपूर्वी गेला. वाडीची रीत अशी, की ज्या घरात मयत झालं त्या घराने सुतक फिटलं तरी आपण होऊन मासळी घ्यायची नाही. शेजारणीने पहिला वाटा आणून चुलीशी ठेवायचा, मग त्या घराने खायला लागायचं. सुगंधाची सासू गेली तेव्हा रुक्मिणीवहिनीने आणला होता. ती रुक्मिणीवहिनी आता मुलाकडे कुडाळला, तिच्या घराला कुलूप. उरली कोण, तर इमेल्डा. सुगंधा वाट बघत बसली. बारावं झालं, तेरावं झालं, पाहुणे गेले, मुलगा निलेश वसईला परत गेला, त्याला तरी रजा किती मिळणार. इमेल्डा दोनदा येऊन बसून गेली, पण रिकाम्या हाताने. मग तेही थांबलं.

सुगंधाला ते फार लागलं. तीस वर्षांची शेजारीण, आणि तिच्याने एक वाटा आणवला नाही? पण विचारणार कोण? सुगंधा मूग गिळून बसली. मानी बाई. माहेर कळणे गावातलं, आणि कळण्याच्या बायका मागून काही घेत नाहीत, असं तिची आई सांगायची. आईंनी मुलींना काय काय सांगून ठेवलेलं असतं, आणि भोगायचं मुलींनी.

तर तेव्हापासून सकाळी पेज, दुपारी पेज, सोबत खारातली कैरी. गाय आधीच विकलेली, म्हणून चहाही कोरा. निलेशने घेऊन दिलेला फ्रिज होता, पण फ्रिजात ठेवलेला मासा परशुरामाने कधी घरात शिजू दिला नव्हता, आणि तो गेल्यावर त्याचा शब्द मोडायचं तिला जमेना. निलेश फोनवर विचारायचा, "आये, जेवलंस?" ती म्हणायची, "जेवलंय." खोटं थोडंच होतं ते.

तुळसा पहिले काही महिने गडग्याशी थांबून हाक मारायची. कोणीच बाहेर येईना तेव्हा ती पण त्या पाणंदीत वळायची बंद झाली, वरच्या रस्त्यानेच सरळ जायला लागली. त्यानंतर सुगंधाच्या दारात कोण यायचं म्हणाल, तर पोस्टमन, तोही महिन्याने, आणि मीटर बघणारा. इमेल्डा गडग्यापलीकडे कपडे वाळत घालायची तेव्हा कपड्यांआडून तिचे हात तेवढे दिसायचे. सुगंधा मग आत जायची.

अशात तेजस्वी आली.

फोंडाघाटची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची, स्कूटरला मागे निळा थर्मास-डबा बांधलेला. एका मोठ्या प्रयोगशाळेच्या संशोधनासाठी गावोगाव फिरून ती साठीच्या पुढच्या माणसांचं रक्त गोळा करत होती. रक्तात होमोसिस्टीन नावाचं एक द्रव्य असतं, ते किती आहे हे मोजायचं. "प्रत्येकाच्या रक्तात असतं हो काकी," तिने पडवीत बसून समजावलं, "मासे, मटण, दूध यातून बी-बारा जीवनसत्त्व मिळालं की शरीर ते वापरून टाकतं. नाही मिळालं की साचत जातं. साचलं तर हृदयाला, नसांना, आठवणीला बरं नसावं असं म्हणतात, ते खरं किती हेच आम्ही बघतोय. किनाऱ्यावरची माणसं रोज मासे खातात, त्यांचे आकडे चांगले यायला हवेत. तुम्ही खाता ना मासे?"

खाडीकाठचं घर, दारातून पाणी दिसतं, आणि तीन वर्षांत चुलीवर मासा चढला नाही, हे परक्या मुलीला कसं सांगायचं? गावात कळलं तर लोक निलेशला नावं ठेवतील.

"खातंय तर," ती म्हणाली. "आमी मालवणी माणसां, आमका मासळीशिवाय घास उतारणा नाय."

तेजस्वीने तसं लिहून घेतलं. मग तिने सुगंधाचा हात आपल्या मांडीवर घेतला, दंडाला पट्टा बांधला, आणि दोन बोटांनी कोपराच्या खोलगटात शीर चाचपायला लागली. बोटं गरम होती. सुगंधाच्या ध्यानात आलं की परशुराम गेल्यापासून आपल्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात असा लागलेलाच नाही. निलेश वर्षाने येतो तो पाया पडतो, तेवढंच. सुई टोचली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तेजस्वी म्हणाली, "दुखलं का हो?" आणि सुगंधा म्हणाली, "थोडां."

नळी भरली तशी तेजस्वीची धांदल उडाली. जांभळ्या टोपणाची ती नळी उलटसुलट करून तिने थेट डब्यातल्या बर्फात खोचली. "काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात ना," ती झाकण लावता लावता सांगत होती, "रक्त उबेत पडून राहिलं तर त्या हे द्रव्य सोडत राहतात, आणि आकडा उगाच फुगतो. म्हणून लगेच बर्फात, आणि तासाभरात उपकेंद्रातल्या यंत्रावर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं. तेच पुढे प्रयोगशाळेत जातं."

बर्फ जेटीवरच्या कारखान्यातला होता, मच्छीमार नेतात तोच, आणि डब्याला मासळीचा वास मारत होता. सुगंधा जरा पुढे वाकली. "आमच्या बांगड्यांचो बर्फ तो," ती म्हणाली.

तेजस्वी हसली आणि गेली. सुगंधाने कोपरापाशी लावलेली ती चिकटपट्टी तीन दिवस काढली नाही.

आकडा आला तो एकतीस. असायला हवा पंधराच्या आत. तेजस्वी स्वतः सांगायला आली, बरोबर गोळ्या घेऊन. रोज एक घ्यायची, दर महिन्याला मी येऊन रक्त तपासणार, आणि आकडा जाग्यावर आला की तुमची सुटका. तिला वाटलं काकींना हायसं वाटेल. काकींनी ऐकलं ते 'सुटका' एवढंच.

आता बघा, माणूस एकटं पडलं की त्याचं डोकं कसं चालतं. सुगंधा काही मूर्ख बाई नव्हे. सातवी शिकलेली, निलेशचं गणित तिने घेतलेलं. तिने हिशेब केला: गोळी खाल्ली की आकडा उतरणार, आकडा उतरला की मुलगी यायची बंद होणार. म्हणून ती रोज सकाळी पट्टीतून एक गोळी फोडायची आणि रिकाम्या हॉर्लिक्सच्या बाटलीत टाकायची. तेजस्वी महिन्याने आली की तिला रिकाम्या पट्ट्या दाखवायची. तेजस्वी म्हणायची, "वा, काकी, एकही चुकवली नाही."

आणि काय सांगावं, ते दिवस सुगंधाचे बरे गेले. मुलगी येणार त्या सकाळी ती उपाशीपोटी न्हाऊन, जांभळं पातळ नेसून बसायची. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं, त्यामुळे मुलगी गेल्यावर पेज खायची, पण ती पेजही त्या दिवशी गोड लागायची. तेजस्वी सावंतवाडीला खोली घेऊन एकटीच राहते, रात्री स्टँडवरचा वडापाव खाते, तिच्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे, हे सगळं तिला कळलं. मुलगी जेमतेम पाव तास बसायची, बर्फ वितळायच्या आत तिला पळायचं असायचं. पण पाव तास म्हणजे काही कमी नाही. ज्यांच्या घरात माणसं आहेत त्यांना ते कळायचं नाही.

दुसरा आकडा चौतीस आला, तिसरा अडतीस.

चौथ्या महिन्यात तेजस्वी आली ती स्कूटरवरून उतरून नुसतीच पडवीच्या पायरीवर बसली. डबा सोडला नाही, पट्टा काढला नाही. सुगंधाने पाण्याचा तांब्या पुढे केला. एरवी ही मुलगी काकींशी शुद्ध मराठीत बोलायची, कामावर असल्यासारखी. आज ती घरी बोलतात तशी बोलली.

"काकी, माज्यार आळ इलोहा."

"कसलो गो आळ?"

"प्रयोगशाळेतले सर म्हणतत, मी रगात बर्फात ठेवीत नाय. उबेत ठेवतंय, म्हणान आकडे चडतत. गोळयो खाल्ल्यार आकडो उतरूकच होयो. ह्या किनाऱ्यार सगळ्यांचे बरे आसत, आणि बिघडलले दोनच. दोनव ह्याच वाडीतले. मासळी खातत म्हणान सांगतत, गोळयो खातत, मूत्रपिंडा बरी आसत, आणि तरी आकडो चडतासा. मगे चूक कोणाची? माजीच मां." तिने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "सर म्हणतत, मी गोळा केलला सगळा रगात आता संशयातला. सगळ्या गावांचा. ह्या म्हयन्यात असोच आकडो इलो तर माका काडून टाकतले."

सुगंधाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की आपण या पोरीच्या पोटावर पाय दिला. दुसरं आलं ते जरा वेळाने. दोनच, आणि दोन्ही याच वाडीतले. या वाडीत साठीच्या पुढची रक्त देणारी माणसं होती किती? एक ती. आणि दुसरी गडग्यापलीकडची.

"ती दुसरी पण मासळी खातंय म्हणान सांगता?" तिने विचारलं.

तेजस्वी चपापली. दुसऱ्याचं सांगायचं नसतं, तिच्या लक्षात आलं. पण तिच्या तोंडावरून काय ते कळलं.

सुगंधा गडग्याकडे बघत राहिली. तीन वर्षं तिला वाटत होतं की इमेल्डा मासे खाते, जेटीवरून परस्पर आणवते, आणि आपल्याला वास यायला नको म्हणून मागच्या पडवीत रांधते. असं तिने स्वतःशीच ठरवून टाकलं होतं आणि त्यावर ती रोज थोडी थोडी जळत होती. पण बांगडा तळलेला लपतो का हो कुठे? पलीकडच्या वाडीत तळला तरी मांजरं जागी होतात. इमेल्डाच्या घरून तीन वर्षांत तो वास आलेलाच नव्हता. आणि हे तिच्या नाकाला ठाऊक होतं, तिलाच ठाऊक नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

"तू बस," ती तेजस्वीला म्हणाली. "आज रगात काढू नको. बर्फ सांबाळ. मी इलंयच."

आत जाऊन तिने हॉर्लिक्सची बाटली पदराखाली घेतली आणि गडग्यातल्या बेड्याकडे, त्या आडव्या वाशांच्या फाटकाकडे, गेली. बेड्याचे वासे गवताने धरून ठेवलेले, ओढूनही सरकेनात. परशुराम असता तर त्याने एका हाताने ओढले असते. तिने वहाणा काढल्या, पातळ वर खोचलं, आणि अडुसष्टाव्या वर्षी ती गडगा चढून पलीकडे उतरली. एवढी खटपट तिने गेल्या तीन वर्षांत कशासाठीही केली नव्हती.

इमेल्डा मागच्या दारी नारळ सोलत होती. बघितलं आणि हातातला नारळ तिने खाली ठेवला. ती बारीक झाली होती. केस पार पांढरे. वाळत्या कपड्यांआडून नुसते हात दिसायचे तेव्हा हे कळलं नव्हतं.

"काय गो?" इमेल्डा म्हणाली. इतकंच.

सुगंधाने बाटली तिच्यासमोर ठेवली. "ह्यां माजां. तुजां खंय आसा?"

इमेल्डाने बाटलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग ती उठली, आत गेली, आणि मेरीच्या तसबिरीमागून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं. आत गोळ्या, त्याच गुलाबी, तीन महिन्यांच्या.

"शिरा पडो तुज्या तोंडार," सुगंधा म्हणाली, आणि खाली बसली.

इमेल्डा पण शेजारी टेकली. मग इमेल्डा म्हणाली, "माजो पूत प्रिन्स लिस्बनाक गेल्यार ह्या घरात कोण येता? तां चेडू येता, हात धरता, 'दुखलां काय' विचारता. आकडो उतरलो काय तां येवचां नाय. मी काय येडी आसय गोळयो खावक?"

"आणि मासळी? तू सांगलंस, रोज खातंय."

"तू काय सांगलंस?"

सुगंधाने सोललेला नारळ उचलून बाजूला ठेवला.

"अख्खो वाटो घेवन मी एकटी काय करू?" इमेल्डा म्हणाली. "तू हाक मारशीत म्हणान वाट बघलंय. तू मारूकच नाय. म्हटलां, आता तिका माजी गरज नाय."

"मी हाक मारू?" सुगंधाचा आवाज चढला. "सुतक माज्या घरात. रीत तुका ठावक नाय? पयलो वाटो शेजारणीन आणूचो असता. रुक्मिणीवहिनीन आणललो तेवा तू गडग्यार उबी होतंस, बघी होतंस."

इमेल्डाने मान खाली घातली. "बघलंय म्हणानच," ती म्हणाली. "ती तुमच्यातली. मी किरिस्ताव. म्हटलां, माज्या हातची मासळी तुमच्या सुतकाच्या चुलीक चलात काय नाय? कोणाक इचारू? दोनदा इलंय तेवा पिशयेत बांगडे घेवनच इलंलंय. दारात बायल माणसां बसलली. पिशयी पडवीत ठेवलंय आणि जाताना तशीच उचालून घेवन इलंय. मांजराक घातलंय."

सुगंधाला ती पिशवी आठवेना. पडवीत कितीतरी पिशव्या होत्या त्या दिवसांत. तिने इमेल्डाचा हात धरला, जरा जोरानेच, दटावायला धरतात तसा. "तीस वर्सां तुज्या हातची मासळी खाल्ली आमी. तेवा तुका पडलो काय असलो इचार?"

"तेवा परशुराम होतो," इमेल्डा म्हणाली.

दोघी गडग्यापर्यंत बरोबर आल्या. इमेल्डाला चढता येईना, म्हणून तेजस्वीला हाक मारून दोघींनी बेड्याचे वासे ओढून काढायला लावले. मग सगळं सांगणं झालं. दोघी तिच्यासमोर शाळेतल्या मुलींसारख्या उभ्या, एकीच्या हातात बाटली, दुसरीच्या हातात डबा. तेजस्वी आधी बघतच राहिली, मग रागावली. खरीखुरी रागावली. "माझी नोकरी जात होती," ती म्हणाली, आणि पुन्हा शुद्ध मराठीत बोलायला लागली, ते सुगंधाला जास्त लागलं. "तुम्ही मला आधी सांगायचं होतं. मी तशीपण आले असते." मग तीच थांबली, कारण खरं म्हणजे ती आली नसती. तिला रोज एवढी गावं असतात, आणि बर्फ वितळत असतो.

सुगंधाने तिच्या सरांना फोन लावायला सांगितला. सर ओ म्हणाले तेव्हा तिने कचेरीतली मराठी बोलायचा प्रयत्न केला. "साहेब, चूक आमची आहे. आम्ही मासळी खात नाही आणि गोळ्या पण नाही. मुलगीन रक्त बर्फातच ठेवलान. दर वेळी ठेवलान. मी डोळ्यांनी बघितला." सरांनी काहीतरी विचारलं, मग इमेल्डाने फोन घेतला आणि तेच सांगितलं. मग सर तेजस्वीशी बोलले, आणि बोलता बोलता ती पायरीवर बसली, तेव्हा कळलं की निभावलं.

"तुमच्या दोघींचे आकडे आता धरता येणार नाहीत," तिने फोन ठेवून सांगितलं. राग ओसरला होता. "गोळ्या न घेतलेल्या माणसांना अभ्यासातून वगळतात. पण तुम्ही खरंच आजारी पडाल, काकी. या गोळ्या आता खा. उपकेंद्रातल्या नर्सबाई बघतील तुमच्याकडे, मी सांगून ठेवते."

"आणि तू?"

"मला पुढच्या महिन्यापासून रेडीकडची गावं दिलीत."

सुगंधाला हे ठाऊकच होतं. गडगा चढतानाच ठाऊक होतं. तरी तिने विचारलं, कारण विचारायचं राहून गेलेलं वाईट. "वाटेर पडला तर येशीत मां?"

"येईन," तेजस्वी म्हणाली. आरोंदा काही रेडीच्या वाटेवर पडत नाही. दोघींनाही ते माहीत होतं. जाताना तिने सुगंधाच्या कोपरापाशी, टोचल्याची खूण राहिलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे तेल लावा थोडं." मग निळा डबा बांधलेली स्कूटर पाणंदीतून वर गेली, आणि सुगंधाला रडू आलं. इमेल्डा बाजूला उभी होती. ती घरी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा वरच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तुळसाने लांबूनच तिला बघितलं आणि पाटी सावरली. "जित्या आसास काय?" ती म्हणाली. "माका वाटला, वाडी ओस पडली." पुढे मग पाणंदीत आली, गडग्याशी पाटी उतरवली आणि पानावर वाटा लावला. पाच बांगडे, ताजे, डोळे चमकणारे.

वाटणी गडग्यावरच झाली, नेहमीसारखी. दोन इकडे, दोन तिकडे. आणि इमेल्डाचा हात सवयीने पाचव्याकडे गेला. "ह्यो—" ती म्हणाली, आणि तिने तो सुगंधाच्या बाजूला सरकवला, आणि मग तिच्या लक्षात आलं.

सुगंधाने आपले दोन टोपात घेतले. पाचवा तिला उचलवेना. तो तिथेच चिऱ्यावर पडून होता आणि तुळसा तोंड मिटून दुसरीकडे बघत होती. ही बाई कधी गप्प राहिली असेल तर ती तेव्हाच.

"इमेल्डा," सुगंधा म्हणाली, "मी तुका खोटां सांगलंय. रीत-बीत सगळी मागसून. मी एक हाक मारलं असतंय तर तू इलं असतंस, माका ठावक होतां. पण तू इलंस काय वाटो होतलो, आणि वाटो झालो काय ह्यो उरतलो. ह्यो खंय ठेवतलंय, ह्यां भय होतां माका. म्हणान हाक मारूक नाय."

इमेल्डा घरात गेली, मासे कापायची विळी, आडाळा, घेऊन आली, गडग्यापाशी उकिडवी बसली आणि तिने तो पाचवा बांगडा मधोमध कापला. शेपटीकडचा आपल्या टोपात टाकला. डोक्याकडचा हातात धरून पुढे केला.

"डोक्या तो खायचो," सुगंधा म्हणाली.

"मगे आता तू खा."

मग जी ती आपापल्या घरी गेली, पूर्वी जायची तशीच. सुगंधाने तीन वर्षांनी तवा घासून चुलीवर ठेवला. बांगड्यांना तिखट-मीठ लावलं. अर्ध्या तासाने गडग्यापलीकडून तळणीचा वास यायला लागला, मग तिचा वास तिकडे गेला असणार. तिने भात वाढून घेतला, एक गुलाबी गोळी ताटाच्या कडेला ठेवली आणि जेवायला बसली. दोन बांगडे आधी खाल्ले. अर्धा शेवटपर्यंत ठेवला. पोट भरलं होतं, उठावंसं वाटत होतं. पण ती बसून राहिली आणि तिने ते डोकं हातात घेऊन, काटे चोखून, सगळं खाल्लं, तो खायचा तसं, एक अक्षर न बोलता.